ओला पांढरा दिसत नाही

कासा नाक्यावर एसटीतून उतरलो तेव्हा हातात ट्रंक, खांद्याला शबनम आणि डोक्यात एक पक्की समजूत होती: आदिवासी मुलांना चित्रकला शिकवायची. साल १९९१, महिना जून. मी मूळचा साताऱ्याकडचा, कलाशिक्षकाची पदविका मुंबईत घेतलेला. डहाणू म्हणजे चिकू, एवढंच मला ठाऊक. पुढची अठ्ठावीस वर्षं डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या शाळांत खडू झिजवले. निवृत्तीनंतर एका जुन्या सहकाऱ्याने विचारलं, "एवढ्या वर्षांत पोरांना काय काय शिकवलंस रे?" उत्तर जुळवायला बसलो, तर माझ्याकडून त्यांना गेलेलं एका पानात संपलं. त्यांच्याकडून मला आलेलं मात्र संपेना. ते इथे मांडतोय. आकडे घातलेत ते माझ्या शिस्तीपुरते. खरं म्हणजे तिसरा आकडा सगळ्यांत आधी यायला हवा होता, पण तो लिहायला हात धजावला नाही.

१. आधी क्रियापद ऐकावं

पहिल्याच आठवड्यात सहावीच्या वर्गाला सांगितलं, "तुमच्या घरी भिंतीवर जे काढतात ते वहीत काढून आणा." कोणी आणलं नाही. चार दिवसांनी एक मुलगी खाली बघत म्हणाली, "आमच्या घरी काढत नाय गुर्जी. आजी लिहते." मला वाटलं, पोरीला शब्द सापडला नाही. मी ताबडतोब फळ्यावर दोन वाक्यं लिहिली: अक्षर लिहितात, चित्र काढतात. सगळ्या वर्गाकडून दोनदा म्हणवून घेतली. ती दुरुस्ती आजही आठवली की कान गरम होतात.

ही मुलं वारली आदिवासींची, आणि वारल्यांकडे लग्नाचा चौक भिंतीवर लिहितात. हा त्यांचा रोजचा शब्द आहे, कुणा विद्वानाने शोधलेला नाही. मिथिलेच्या बायकाही भिंतीवरच्या चित्राला लिहिणंच म्हणतात, हे मला फार नंतर कळलं. आणि या लिहिण्याला आवाज असतो. सवासिणी तांदळाच्या पिठाने चौक भरत असतात तेव्हा धवलेरी गात असते. धवलेरी म्हणजे गाण्यातून लग्न लावणारी बाई. देवांना आवतण देणं, पालघट देवीला चौकात आणून बसवणं, हे सगळं तिच्या तोंडून होतं. भिंतीवर देवी आल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही.

आमच्या शाळेत मराठीचा तास वेगळा, चित्रकलेचा वेगळा. संगीताचा तर नव्हताच. ज्या घरातून ही मुलं येत होती तिथे तिन्ही तास एकाच भिंतीपाशी भरायचे.

२. ओला पांढरा दिसत नाही

त्या मुलीच्या आजीकडे मी पुढच्या उन्हाळ्यात गेलो. आधी सांगतो, तिने मला पहिल्यापासून 'तू' म्हटलं. मी 'आजी, तुम्ही' म्हणत होतो आणि ती 'गुर्जी, तू' म्हणत होती. तेव्हा मनात थोडं खटकलं. त्या बोलीत कलेक्टरही 'तू'च असतो आणि देवही, हे उमगायला थोडे दिवस लागले.

घर कारवीच्या कुडाचं, शेणमातीने लिंपलेलं. वरून गेरूचा हात फिरवलेला. तांदूळ भिजत घालून पाट्यावर वाटलेला, पाण्याने पातळ केलेला. कुंचला म्हणजे बांबूची काडी, टोक दातांनी चावून मऊ केलेलं. तिने माझ्या हातात काडी दिली आणि कुडाच्या एका कोपऱ्याकडे बोट केलं. मी पदविकाधारक हाताने मोठ्या झोकात एक रेघ ओढली. काही उमटलंच नाही. भिंत नुसती ओली झाल्यासारखी दिसली. मी काडी पुन्हा बुडवून त्याच रेघेवरून फिरवली. मग तिसऱ्यांदा. आजी तोंडाला पदर लावून हसत होती.

"सुकू दे ना गुर्जी. मंग दिसल."

सुकल्यावर दिसलं. माझी रेघ अळीसारखी फुगली होती आणि तिच्या शेजारी आजीने एकदाच फिरवलेली रेघ केसासारखी बारीक, पांढरीशुभ्र. तांदळाचं पीठ ओलं असताना जवळजवळ पारदर्शक असतं, पाणी उडालं की पांढरं होतं. म्हणजे लिहिणारी बाई जे लिहिते ते तिला लिहिताना धड दिसत नाही. हाताला मोजमाप ठाऊक असावं लागतं. खोडायची सोय नाही, पुन्हा गिरवायचीही नाही.

तिथे बसल्या बसल्या मला तांब्याचा एक पत्रा आठवला. शिकत असताना धातुकामाच्या एका शिबिरात आम्हाला मीनाकारी शिकवली होती. रंगीत काचेची पूड पाण्यात कालवून तांब्यावर पसरायची, वाळवायची, भट्टीत घालायची. साधारण सातशे-आठशे अंशांवर पूड वितळून काच होते. भट्टीत जाण्याआधी दिसणारा रंग बाहेर आल्यावर तोच असेल याची खात्री नाही. पत्र्याच्या मागच्या बाजूलाही मिना द्यावा लागतो. नाहीतर थंड होताना पत्रा वाकतो आणि पुढची काच तडकते. माझे तीन पत्रे तडकले होते. चौथा निघाला तो आजही कपाटात आहे, विशेष काही नाही, पण ठेवलाय.

त्या दिवसांत ग्रंथालयात एक नाव वाचलं होतं: क्लोदियुस पोपलँ. पॅरिसचा माणूस, जन्म १८२५, मृत्यू १८९२. चित्रकार, मीनाकार आणि कवी, तिन्ही. लिमोज शहरातल्या सोळाव्या शतकातल्या मीनाकारांची मागे पडलेली विद्या एकोणिसाव्या शतकात ज्यांनी पुन्हा हातात घेतली त्यांच्यातला एक. १८६६ साली त्याने चित्रकारांसाठी मीनाकारीवर पुस्तक लिहिलं. कुंभारकामावरचा जुना इटालियन ग्रंथ फ्रेंचमध्ये आणला. उतारवयात सुनीतांचं पुस्तक काढलं. नेपोलियनची पुतणी राजकन्या मातिल्द हिच्या दिवाणखान्यात त्याची ऊठबस होती. मला तेव्हा या माणसाचा फार हेवा वाटला होता. एका आयुष्यात तीन कला!

लिमोजच्या मीनाकारांची एक खास रीत होती. तांब्यावर आधी काळा मिना भाजून घ्यायचा आणि त्यावर फक्त पांढरा चढवायचा. थर पातळ असेल तिथे खालचा काळा झिरपून करडा दिसतो, जाड असेल तिथे पांढरा उजळतो. एका पांढऱ्यात सगळी छाया-प्रकाशाची भाषा. आजीच्या भिंतीवरही एकच पांढरा होता, पण तिच्याकडे जाड-पातळ हा प्रकारच नाही. रेघा दाट आल्या की उजेड, विरळ आल्या की अंधार. अंधुक हवं असेल तर रेघांमधलं अंतर वाढवायचं. पोपलँने आपली विद्या पुस्तकात उतरवली. आजीने माझ्या हातात काडी दिली आणि हसली. दोघांपैकी कोण अधिक चांगला शिक्षक, याचं उत्तर माझ्यापुरतं मला त्याच दुपारी मिळालं होतं.

३. चौक कुठेही लिहू नये

शाळेचं नाव सांगत नाही, चूक माझी होती. स्नेहसंमेलन होतं. पाहुणे येणार म्हणून प्रवेशद्वाराशी 'स्थानिक कला' दाखवायची ठरली. मी तोवर चार-पाच चौक पाहिले होते आणि मला ते जमतात असा माझा समज होता. दाराबाहेरच्या फरशीवर, रांगोळी काढतात तसा, मी भला मोठा चौक भरला. पट्टे, फणी, शिडी, सूर्य, चंद्र, मधोमध पालघट. बाजूला घोड्यावरचा पंचशिऱ्या देवही काढला, कारण चौकाशेजारी तो असतो हे मी वाचलं होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी फोटो काढले. संध्याकाळपर्यंत त्याच्यावर चपलांचा ढीग झाला.

आजी नातीचा नाच बघायला आली होती. दारापर्यंत आली आणि थांबली. मी पुढे गेलो.

"लगीन कोणाचा हाय, गुर्जी?"

"लग्न नाही आजी. शोभेसाठी काढलंय."

"मंग देवीला कशाला बोलावलास?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारत होती. मला उत्तर देता आलं नाही. ती आत आली नाही, कार्यक्रम संपेपर्यंत समोरच्या आंब्याखाली बसून राहिली. नातीचा नाच तिने पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बादली आणि खराटा घेऊन बसलो. तांदळाचं पीठ असतं तर दोन तांब्यांत गेलं असतं. मी डिस्टेंपर वापरला होता. घासून घासून पालघटीचे हात तेवढे पुसट झाले. त्या खुणा पुढची दोन वर्षं फरशीवर होत्या आणि त्यांच्यावरून ये-जा करताना मी कडेने चालायचो.

४. गप्प मुलाकडे बघत राहावं

वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्याबद्दल लिहिताना एक कबुली आधी द्यायला हवी. त्यांचं गाव गंजाड माझ्या शाळेपासून एसटीने पाऊण तासावर. मी सत्तावीस वर्षं त्यांच्या इतक्या जवळ राहिलो आणि त्यांच्या घरी एकदाही गेलो नाही. सुरुवातीला वाटायचं, कधीही जाता येईल. नंतर त्या फरशीची लाज वाटायची. त्यांचं मूळ काम मी पहिल्यांदा पाहिलं तेही मुंबईत, काचेआड, उभ्या माणसांच्या गर्दीत.

त्यांचा जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. आई लहानपणीच गेली. त्या धक्क्याने मुलाचं बोलणं बंद झालं आणि तो मातीत रेघा ओढून सांगायला लागला, असं त्यांच्याबद्दल सगळीकडे सांगितलं जातं. अकराव्या वर्षी तो डहाणू तालुक्यात आला. चौक लिहिणं हे बायकांचं काम, तेही नवरा हयात असलेल्या बायकांचं. या मुलाने ते नुसतं बघून उचललं आणि पुढे सण, लग्न असं काही निमित्त नसतानाही रोज लिहू लागला.

ही गोष्ट सांगताना शहरातले लोक 'दैवी देणगी' म्हणून मोकळे होतात. मला शिक्षक म्हणून त्यात वेगळंच दिसतं. माझ्या वर्गात दरवर्षी एखादं तरी मूल असायचं जे बोलत नसे. आश्रमशाळेत, आईपासून लांब, सहा-सात वर्षांचं पोर. दोन-दोन महिने तोंडातून शब्द नाही. पहिली काही वर्षं मी अशा मुलांना 'मंद' या रकान्यात टाकत होतो. मग एकदा कवायतीच्या वेळी एक मुलगा पायाच्या अंगठ्याने मैदानाच्या धुळीत काहीतरी करत होता. शिट्टी वाजवणाऱ्या सरांनी त्याला रांगेत ढकललं. नंतर मी जाऊन पाहिलं. नांगर होता, दोन बैल होते, मागे माणूस, आणि त्याच्या मागे एक लहान ठिपका. ठिपका म्हणजे काय ते मी विचारलं नाही. खडू दिला आणि माझ्या खोलीची शहाबादी फरशी मोकळी करून दिली. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो बोलायला लागला. पुढे चित्रकार वगैरे झाला नाही, बोईसरला कारखान्यात आहे. तेवढं पुरे.

५. कागद द्यावा आणि बाजूला व्हावं

भास्कर कुलकर्णी यांचं नाव वारली चित्रांच्या कुठल्याही पुस्तकात एका परिच्छेदात येतं आणि जातं. बिहारमध्ये १९६६-६७ च्या दुष्काळात हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकर यांनी याच माणसाला मिथिलेत पाठवलं होतं. तिथल्या बायकांना कागद द्यायचा, भिंतीवरचं त्यावर उतरवून घ्यायचं, म्हणजे चार पैसे हाताला लागतील, अशी योजना होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते इकडे वारल्यांत आले. इथेही कागद वाटले. बायका बुजल्या. भिंत आणि लग्न सोडून चौक कुठे लिहिणार? जिव्या सोमा मात्र लिहीतच होते, त्यांना फक्त कागद मिळाला. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं काम लागलं.

कुलकर्णींकडून घेण्यासारखी गोष्ट एवढीच: त्यांनी 'असं काढ' म्हटलं नाही. मी मात्र माझ्या पहिल्या दहा वर्षांत मुलांच्या वहीत लाल पेनाने प्रमाणबद्धता दुरुस्त केली आहे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभा केलेला माणूस, आणि मी त्याला खांदे देतोय!

६. चौकामागचं कर्ज

हे मला चित्रांच्या पुस्तकात सापडलं नाही. वारल्यांच्या लढ्यातल्या गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये सापडलं. वारल्याचं लग्न म्हणजे सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून उचल. ती फेडायला नवरा-बायकोने जमीनदाराच्या दारात राबायचं, आणि कर्ज काही फिटायचं नाही. अशा माणसाला नावच होतं: लग्नगडी. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरीला हजारो वारली जमले आणि वेठ नाकारली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यात गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती गेले. दहा ऑक्टोबरला तलासरीत अजून लाल झेंडे घेऊन माणसं निघतात. त्या दिवशी वर्गात निम्मी मुलं नसायची आणि मी पहिल्या वर्षी त्यांची गैरहजेरी लावली होती.

धामणगावचा तो अकरा वर्षांचा मुलगा साधारण त्याच सुमारास तलासरी सोडून डहाणूकडे आला. या दोन गोष्टींत मी धागा ओवत नाही. पण तेव्हापासून चौक बघताना त्याच्या पांढऱ्या पट्ट्यांमागे मला एक आकडाही दिसतो. ज्या रात्री देवी भिंतीवर येऊन बसायची त्याच रात्री घरातला तरुण गहाण पडायचा. शहरातल्या दिवाणखान्यात हाच चौक सोफ्याच्या वर टांगलेला दिसला की यजमान त्याला 'किती आनंदी लोक!' म्हणतात. मी चहा पितो आणि गप्प बसतो. प्रत्येक घरात झरीचा इतिहास काढला तर कुणी चहाला बोलावणार नाही.

७. 'तेच ते' दोन प्रकारचं असतं

दोन हजारच्या पुढेमागे एक दलाल शाळेत यायला लागला. पणत्या, मातीच्या कुंड्या, शुभेच्छापत्रं. प्रत्येकावर तारपा नाच, प्रत्येकावर सात माणसं, सातांच्या वर नको, खर्च वाढतो. मी मोठ्या वर्गाच्या मुलांना ते काम मिळवून दिलं. पैसे मिळाले हे खरं, त्यातून काहींनी सायकली घेतल्या. चारशे पणत्यांनंतर एका मुलाने मला हात दाखवला. "गुर्जी, आता डोळे मिटून होतो." अभिमानाने सांगत होता. मी त्याची पणती बघितली. माणसं होती, नाच नव्हता. सगळ्यांचे गुडघे एकाच कोनात वाकलेले. तारपा वाजवणारा कुणीही असता तरी चाललं असतं.

त्या सुमाराला मुंबईत जिव्या सोमांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र पाहिलं. या विषयावर त्यांनी पुन्हा पुन्हा काम केलं आहे. कापडावर शेणाचा लेप आणि त्यावर पांढऱ्याने विणलेलं जाळं, कडेला काडीएवढी माणसं. जवळ गेलो. हजारो डोळे, म्हणजे जाळ्याची भोकं. एकही दुसऱ्यासारखं नाही. कुठे आवळलेलं, कुठे सैल, कुठे पाण्याची ओढ लागून तिरकं झालेलं. त्या कापडावर माणसाने एकच गोष्ट इतक्या वेळा केली होती, आणि प्रत्येक वेळी ती त्याला नव्याने करावी लागली होती. मी नाक काचेला टेकेपर्यंत वाकलो तेव्हा रखवालदाराने हटकलं.

बाहेर येऊन चर्चगेटकडे चालताना वाटलं, हे मी ऐकलेलं आहे. धवलेरी अशीच गाते. ओळ फिरून येते, पण येताना एखादा शब्द बदललेला असतो. एका ओळीत एक देव आला, तर तीच ओळ पुढच्या वेळी दुसऱ्याला घेऊन येते. ऐकणाऱ्या परक्या माणसाला दोन तास तेच चाललंय असं वाटतं. घरातल्याला ठाऊक असतं की आत्ता कुठवर आलोय. जिव्या सोमांनी रेघ चौकाबाहेर काढली, लग्नाबाहेर काढली, बायकांच्या हातातून पुरुषाच्या हातात आणली. गाणं मागे राहिलं असं सगळे समजतात. माझं मत वेगळं आहे. ते गाणं त्यांनी जाळ्यात बांधून आणलं. या मतासाठी माझ्याकडे पुरावा नाही, माझे कान आहेत.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी म्हटलं, डोळे मिटून होतं ना, मग उद्यापासून हे नको करू. त्याच्या बापाने येऊन मला विचारलं, पैसे गुर्जी देणार का? याही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलगा पणत्या रंगवत राहिला.

८. सन्मानांची यादी एकदाच वाचावी

जिव्या सोमांना मिळालेला १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार. १९८९ मध्ये पॅरिसच्या पोंपिदू केंद्राने जगभरातले कलाकार एकत्र आणणारं जे गाजलेलं प्रदर्शन भरवलं, त्यात सहभाग. २००२ चा शिल्पगुरू. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात इंग्लंडच्या रिचर्ड लाँग यांच्यासोबत काम लागलं. हे लाँग चालत चालत जमिनीवर रेघा उमटवतात आणि नदीच्या चिखलाने हातांनी भिंती भरतात, त्यामुळे ही जोडी मला तरी ओढूनताणून आणलेली वाटली नाही. २००९ चा नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाऊस पुरस्कार. २०११ ची पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते गेले. सदाशिव आणि बाळू हे मुलगे चित्रं काढतात. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाने केलेल्या पाठपुराव्यामुळे.

मुलांना सामान्यज्ञानासाठी ही यादी पाठ करायला लावत असे. एकदा एका मुलाने शेवटी हात वर केला: "पण गुर्जी, त्यांनी पयलं चित्र कुठल्या भिंतीवर लिहला?"

९. आवाज उतरवता येत नाही

टेपरेकॉर्डर घेऊन मी एका लग्नात धवलेरीचं गाणं टिपलं होतं. परवानगी घेऊन. घरी येऊन लावलं तर कोंबडे, पोरांची रडारड, ताडीच्या गडव्यांचा आवाज, आणि मध्ये कुठेतरी ती. शब्द लिहून काढायला बसलो. दोन वह्या भरल्या. सलग वाचलं तर कंटाळवाणं. त्या शब्दांच्या वेळी भिंतीवर काय चाललं होतं ते वहीत नव्हतं. ती कॅसेट पुढे एका पावसाळ्यात बुरशी येऊन गेली. खूप हळहळलो असं म्हणावंसं वाटतं, पण तसं झालं नाही.

१०. उजेड धरणे

१९९९ च्या उन्हाळ्यात त्या मुलीचं लग्न निघालं, जिला मी 'काढणं' आणि 'लिहिणं' यांतला फरक शिकवला होता. ती स्वतः शाळेत येऊन सांगून गेली. मी संध्याकाळी पाड्यावर पोहोचलो. मांडव घातलेला, आतल्या खोलीत गेरूने ताजी रंगवलेली भिंत. आजी कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. तिने काडी हातात घेतली नव्हती. मी विचारणार होतो, तेवढ्यात तिच्या कपाळाकडे लक्ष गेलं. आजोबा आदल्या वर्षी गेले होते. चौक आता सुना आणि भाच्या लिहिणार होत्या.

त्या पाचजणी होत्या. सगळ्यांत धाकटीचा हात थरथरत होता. धवलेरीने सुरू केलं. बाहेरची चौकट झाली, पट्टे भरायला लागले, आणि वीज गेली. कुणी हाळी घातली, कुणी हसलं. गाणं थांबलं नाही. एकीने कंदील पेटवून आणला आणि धरायला माणूस शोधू लागली. सगळ्यांचे हात कामात होते. आजीने माझ्याकडे हनुवटी केली.

मी कंदील घेऊन भिंतीपाशी उभा राहिलो. वरच्या पट्ट्या वाळून पांढऱ्या होत चालल्या होत्या, खालच्या नुसत्या ओल्या होत्या. धाकटी एका जागी थांबली, तिने ओढलेली रेघ तिला दिसत नव्हती. ती काडी पुन्हा बुडवायला निघाली.

"नको," आजी बसल्या जागेवरून म्हणाली. "हाय तिथं. पुढं जा."

ती पुढे गेली. माझा हात भरून आला होता. मी कंदील दुसऱ्या हातात घेतला, तशी सगळी भिंत हलली.

"गुर्जी," आजी म्हणाली, "खाली धर. सावली पडते."